आयडा बी. वेल्स : झुंडबळींचा हिशेब मांडणारी निर्भय पत्रकार

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसऱ्या दुरुस्तीने १७९१ मध्ये शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला; मात्र हा हक्क नेमका कोणाचा, हे पुढे दीर्घकाळ माणसाच्या वर्णावरून ठरत राहिले. या भेदाची किंमत जवळच्या मित्राच्या हत्येने ज्यांना कळली आणि ज्यांनी आयुष्यभर त्याचा पुराव्यानिशी हिशेब मांडला, त्या कृष्णवर्णीय पत्रकार म्हणजे आयडा बी. वेल्स.

मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज येथे १६ जुलै १८६२ रोजी त्यांचा जन्म झाला, तो गुलामगिरीतच. वडील जेम्स वेल्स सुतारकाम करीत. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपली; पण १८६५ मध्येच मिसिसिपीच्या विधिमंडळाने कायदा करून, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना परवान्याविना बंदूक वा दारूगोळा बाळगण्यास मनाई केली. परवाना देणारे अधिकारी गोरेच होते. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने सर्वांना समान नागरिकत्व दिले. तथापि, १८७६ मध्ये क्रुकशँक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दुसरी दुरुस्ती केवळ केंद्र सरकारला बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला. राज्यांना आणि खासगी टोळ्यांना कृष्णवर्णीयांची शस्त्रे काढून घेण्यास त्यामुळे मोकळे रान मिळाले.

१८७८ मध्ये पीतज्वराच्या साथीत आई-वडील आणि तान्हा भाऊ दगावले, तेव्हा आयडा सोळा वर्षांच्या होत्या. भावंडांची ताटातूट होऊ नये म्हणून त्यांनी शिक्षिकेची नोकरी धरली आणि पुढे टेनेसी राज्यातील मेम्फिस शहर गाठले. रेल्वेत महिलांच्या डब्याचे तिकीट असूनही त्यांना बळाने बाहेर काढण्यात आले, तेव्हा त्यांनी कंपनीवर दावा लावला. १८८४ मध्ये त्यांना ५०० डॉलरची भरपाई मंजूर झाली. १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायद्यावरील त्यांच्या विश्वासाला बसलेला हा पहिला मोठा धक्का होता. १८८९ मध्ये त्या मेम्फिसमधील ‘फ्री स्पीच’ या वृत्तपत्राच्या भागीदार व संपादक झाल्या. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दुरवस्था त्यांनी त्यातून मांडली आणि १८९१ मध्ये शिक्षिकेची नोकरी गमावली.

त्यांच्या आयुष्याला खरी कलाटणी मिळाली ती मार्च १८९२ मध्ये. टपालवाटपाचे काम करणारे थॉमस मॉस यांनी साथीदारांसह शहराच्या वेशीवर ‘पीपल्स ग्रोसरी’ हे सहकारी किराणा दुकान चालवले होते. मॉस हे वेल्स यांचे निकटचे मित्र. त्यांच्या कन्येच्या त्या धर्ममाता होत्या. या दुकानामुळे परिसरातील एका गोऱ्या दुकानदाराची मक्तेदारी मोडली आणि त्यातून कुरबुरी वाढल्या. हल्ला होणार अशी चिन्हे दिसताच दुकानदारांनी वकिलाचा सल्ला घेतला. दुकान नगरहद्दीबाहेर असल्याने पोलिसांचे संरक्षण मिळणार नाही, स्वसंरक्षणाचा अधिकार मात्र आहे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यानुसार दुकानावर सशस्त्र पहारा बसला.

५ मार्चच्या रात्री शस्त्रधारी गोऱ्यांचा एक जथा मागील बाजूने दुकानात शिरला. पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या आणि तिघे गोरे जखमी झाले. आलेली माणसे साध्या वेशातील शेरिफचे साहाय्यक होते, हे नंतर स्पष्ट झाले. मॉस, कॅल्विन मॅकडॉवेल आणि विल स्टुअर्ट यांच्यासह अनेकांना अटक झाली. ‘टेनेसी रायफल्स’ या कृष्णवर्णीय स्वयंसेवी सैनिक दलाने दोन रात्री तुरुंगावर पहारा दिला. तिसऱ्या रात्री तो पहारा नव्हता. याच दिवसांत न्यायालयाच्या आदेशाने या दलाची शस्त्रे जप्त झाली आणि कृष्णवर्णीयांना शस्त्रविक्री बंद करण्यात आली. गोऱ्या जमावाच्या हातातील बंदुकांना मात्र कोणी हात लावला नाही. ९ मार्चच्या पहाटेपूर्वी सुमारे ७५ जणांच्या टोळीने मॉस, मॅकडॉवेल आणि स्टुअर्ट यांना तुरुंगातून ओढून नेले आणि शहराबाहेर गोळ्या घालून ठार केले. या हत्यांसाठी कोणालाही शिक्षा झाली नाही.

घटनेच्या वेळी वेल्स परगावी होत्या. परतल्यावर त्यांनी स्वतःसाठी पिस्तूल विकत घेतले. हल्ला झालाच तर प्रतिकाराविना मरायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता. त्याच वेळी, जे शहर कृष्णवर्णीयांच्या जिवाचे रक्षण करीत नाही ते सोडून जावे, असे आवाहन त्यांनी वृत्तपत्रातून केले. हजारो कुटुंबीय पश्चिमेकडे निघाले, ट्रामगाड्यांवर बहिष्कार पडला आणि शहराच्या अर्थकारणाला झळ बसली.

गोऱ्या स्त्रियांवरील अत्याचारांची शिक्षा म्हणून झुंडबळी घडतात, हा त्या काळचा रूढ समज होता. वेल्स यांनी एकेक प्रकरण तपासण्यास प्रारंभ केला. तसा नुसता आरोपही सुमारे एक-तृतीयांश प्रकरणांतच असल्याचे त्यांना आढळले. अनेकदा खरे कारण व्यापारातील स्पर्धा, किरकोळ वाद किंवा दोघांच्या संमतीचे संबंध हे होते. मे १८९२ मध्ये हे छापून येताच जमावाने ‘फ्री स्पीच’चे कार्यालय उद्ध्वस्त केले. वेल्स तेव्हा पूर्वेकडील दौऱ्यावर होत्या, म्हणूनच वाचल्या. मेम्फिसला परतल्यास ठार मारण्याच्या धमक्या आल्याने त्या न्यूयॉर्कमध्येच राहिल्या.

त्याच वर्षी ‘सदर्न हॉरर्स’ ही पुस्तिका प्रसिद्ध झाली. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल आणि केंटकीतील पड्युका येथे कृष्णवर्णीय पुरुष शस्त्रसज्ज होऊन उभे राहिल्याने नियोजित झुंडबळी टळले, याची नोंद त्यांनी त्यात घेतली. कायदा संरक्षण देत नसेल तर प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफलीला मानाचे स्थान असावे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला. बंदूक हा त्यांच्या लेखी सूड घेण्याचा मार्ग नव्हता; शासनाने सोडून दिलेल्या कर्तव्याची ती नाइलाजाने केलेली भरपाई होती. केवळ शस्त्राने प्रश्न सुटत नाही, हेही त्या जाणून होत्या. ‘पीपल्स ग्रोसरी’च्या पहारेकऱ्यांकडे बंदुका होत्या, पण त्यांनी केलेला स्वसंरक्षणाचा प्रयत्नच त्यांच्यावरील गुन्हा ठरवण्यात आला होता.

म्हणूनच त्यांचा भर पुराव्यांवर राहिला. १८९३ आणि १८९४ मध्ये ब्रिटनचा दौरा करून त्यांनी हा प्रश्न जगासमोर नेला. १८९५ च्या ‘द रेड रेकॉर्ड’मध्ये त्यांनी गोऱ्यांच्याच वृत्तपत्रांतील आकडेवारी वापरली, जेणेकरून ती खोटी ठरवता येऊ नये. त्याच वर्षी शिकागोतील वकील व संपादक फर्डिनंड बार्नेट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९०९ मध्ये ‘एनएएसीपी’ या नागरी हक्क संघटनेच्या उभारणीत त्या सहभागी झाल्या.

त्यांच्या मागणीचे सार इलिनॉयमधील कैरो येथील प्रकरणात दिसते. तेथे १९०९ मध्ये शेरिफच्या ताब्यातील एका कृष्णवर्णीयाला जमावाने ठार केले. राज्याच्या १९०५ च्या कायद्यानुसार शेरिफचे पद गेले. मात्र पुनर्नियुक्तीसाठी त्याने अर्ज केला आणि प्रतिष्ठितांनी त्याला पाठिंबा दिला. वेल्स यांनी स्वतः कैरोत जाऊन तथ्ये गोळा केली आणि गव्हर्नर चार्ल्स डेनीन यांच्यापुढे बाजू मांडली. डेनीन यांनी अर्ज फेटाळला. कैद्याचा जीव वाचवण्याची जबाबदारी बंदूक बाळगणाऱ्या अधिकाऱ्याचीच आहे, हे तत्त्व त्या निर्णयाने मान्य झाले.

१९१९ मध्ये आर्कान्सासमधील एलेन येथे कृष्णवर्णीय शेतकऱ्यांच्या संघटनेची बैठक सशस्त्र पहाऱ्यात सुरू असताना गोळीबार झाला. त्यानंतरच्या हिंसाचारात मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय मारले गेले, तरी फाशीची शिक्षा झाली ती बारा कृष्णवर्णीयांनाच. वेल्स यांनी कैद्यांची नातेवाईक असल्याचे भासवून तुरुंगात प्रवेश मिळवला आणि त्यांची हकीकत जाणून घेतली. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने यांपैकी सहा जणांच्या खटल्याच्या निष्पक्षतेवर प्रश्नचिन्ह उभे केले आणि कालांतराने सर्व बारा जण मुक्त झाले.

२५ मार्च १९३१ रोजी शिकागो येथे त्यांचे निधन झाले. त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मात्र त्यांच्यासह संपला नाही. १९५६ मध्ये घरावर बॉम्बहल्ला झाल्यानंतर मार्टिन ल्यूथर किंग यांनी शस्त्र परवान्यासाठी केलेला अर्ज अलाबामात नाकारण्यात आला. १९६७ मध्ये ‘ब्लॅक पँथर’ कार्यकर्ते उघडपणे बंदुका घेऊन फिरू लागताच कॅलिफोर्नियाने भरलेले शस्त्र सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यावर बंदी आणली.

वेल्स यांचे आत्मचरित्र त्यांच्या कन्येच्या संपादनाखाली १९७० मध्ये प्रकाशित झाले. २०२० मध्ये त्यांना पुलित्झरचा मरणोत्तर विशेष सन्मान मिळाला. झुंडबळीला केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये अस्तित्वात आला. मेम्फिसमधील त्या तीन हत्यांना तेव्हा १३० वर्षे पूर्ण झाली होती.