इंजिनांचा वैद्य : जॉर्ज स्टीफन्सन

माजिवडा हे एके काळी ठाण्याजवळचे लहानसे गाव होते. आज ते शहरात पूर्णपणे मिसळून गेले आहे. तेथील एखाद्या घरी मुलांच्या खेळण्यांत आगगाडीचे छोटे इंजिन असणे नवलाचे नाही. असे इंजिन कधी कधी अवचित थांबते. आतील यंत्र घरघर करीत फिरत राहते. चाके मात्र जागची हलत नाहीत. तळाचे झाकण काढून पाहिले, तर बहुधा एखाद्या दातेरी चाकाचे दात झिजलेले किंवा मोडलेले आढळतात. शक्ती आहे, चाकेही आहेत. पण शक्ती चाकांपर्यंत पोचविणारा दुवा निकामी झाला आहे. दोनशे वर्षांपूर्वी खऱ्या आगगाडीच्या इंजिनांनाही असेच दुखणे जडले होते. त्यावर उपाय शोधणाऱ्या जॉर्ज स्टीफन्सनला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत स्वतःचे नावही लिहिता येत नव्हते.

जॉर्जचा जन्म ९ जून १७८१ रोजी इंग्लंडमधील न्यूकॅसल शहराजवळ वायलम या खेड्यात झाला. त्याचे वडील कोळशाच्या खाणीतील पाणी उपसणाऱ्या इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकण्याचे काम करीत. घरात सहा मुले आणि मिळकत बेताची; त्यामुळे शाळेचे नाव काढण्याचीही सोय नव्हती. घराच्या दारावरूनच लाकडी रूळ गेले होते आणि त्यांवरून कोळशाच्या वाघिणी घोडे ओढून नेत. जॉर्ज थोडा मोठा झाल्यावर दिवसाला दोन पेन्स मजुरीवर गाई राखू लागला. गाई चरत असत तेव्हा तो ओल्या मातीची इंजिने घडवी आणि वनस्पतींच्या पोकळ दांड्यांच्या वाफेच्या नळ्या करून त्यांना जोडी.

सतराव्या वर्षी त्याच्या हाती खरे इंजिन आले. इतर कामगार शनिवारी काम संपताच घरी जात. जॉर्ज मात्र मागे राहून इंजिनाचा एकेक भाग सुटा करी, पुसून स्वच्छ करी आणि तो भाग कशासाठी आहे हे समजेपर्यंत न्याहाळून पुन्हा जागच्या जागी बसवी. इंजिनांविषयी पुस्तके आहेत, पण आपल्याला ती वाचता येत नाहीत, ही खंत त्याला सलत होती. म्हणून अठराव्या वर्षी, दिवसभराचे कष्ट आटोपल्यावर, तो रात्रीच्या शाळेत मुळाक्षरे गिरवू लागला.

१८०२ साली त्याचा विवाह झाला आणि पुढील वर्षी रॉबर्ट हा मुलगा जन्मला. याच सुमारास त्याच्या घराच्या धुराड्याला आग लागली. शेजाऱ्यांनी ओतलेल्या पाण्याने आणि काजळीने घरातील मोठे घड्याळ बंद पडले. घड्याळजीला द्यायला पैसे नव्हते. जॉर्जने ते घड्याळ स्वतःच उघडले, चाकांत अडकलेली काजळी काढली आणि ते चालू केले. त्यानंतर साऱ्या वस्तीतील घड्याळे दुरुस्तीसाठी त्याच्याकडे येऊ लागली.

पण सुखाचे हे दिवस अल्पच ठरले. १८०६ साली त्याची पत्नी वारली. मुलाला मागे ठेवून तो कामासाठी स्कॉटलंडमध्ये गेला. परत येऊन पाहतो तो वडील वाफेने भाजून आंधळे झालेले आणि डोक्यावर कर्ज. साठविलेली रक्कम त्याने ते कर्ज फेडण्यात घातली.

किलिंगवर्थ येथील नवी खाण तेव्हा पाण्याने भरली होती. पाणी उपसण्यासाठी बसविलेले इंजिन जवळजवळ वर्षभर चालूनही खाणीचा तळ दिसेना. तळ कोरडा झाल्याशिवाय मजुरांना खाली उतरता येत नव्हते. नामांकित यंत्रज्ञांनी हात टेकले होते. अखेर १८११ साली, दुसरा उपायच उरला नाही म्हणून, खाणीचे व्यवस्थापक राल्फ डॉड्झ यांनी ते काम या साध्या कामगाराच्या हाती दिले. आपल्या मदतीला आपण निवडलेलीच माणसे असावीत, एवढी अट जॉर्जने घातली. काम फसले असते, तर त्याचे हसे झाले असते आणि हातची नोकरीही कदाचित गेली असती. चार दिवसांत त्याने ते इंजिन खोलून, दोष काढून पुन्हा उभे केले. आणखी दोन दिवसांत पाणी उपसले गेले आणि मजूर खाणीत उतरले. जॉर्जला दहा पौंड बक्षीस मिळाले. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही, की पुढील वर्षी त्याची खाणीचा यंत्रकार म्हणून नेमणूक झाली. आजारी इंजिनांचा वैद्य अशी त्याची त्या भागात ख्याती झाली.

आता त्याच्या मनाने घेतले, की घोड्यांऐवजी वाफेच्या इंजिनाने वाघिणी ओढाव्यात. असे प्रयत्न इतरांनीही केले होते. त्याच्या जन्मगावी, वायलम येथेच, गुळगुळीत चाके गुळगुळीत रुळांवर न घसरता ओझे ओढू शकतात, हे विल्यम हेडले याने दाखवून दिले होते. २५ जुलै १८१४ रोजी जॉर्जचे पहिले इंजिन रुळांवर आले. त्याचे नाव ‘ब्लूखर’. त्याने सुमारे तीस टनांच्या आठ वाघिणी चढावरून ताशी चार मैल वेगाने ओढल्या.

तरीही जॉर्जचे समाधान झाले नाही, कारण ब्लूखर चालताना फार खडखडे आणि हिसके देई. त्याच्या दोन सिलिंडरांतील दट्ट्यांची शक्ती दातेरी चाकांच्या रांगेतून धावत्या चाकांकडे जात असे. दट्ट्याचा जोर सर्वकाळ सारखा नसतो; फेरीच्या टोकाशी तो ओसरतो आणि पुन्हा वाढतो. दातांमध्ये थोडीही फट असली, की जोर ओसरताच दात एकमेकांपासून सुटत आणि जोर येताच धाडकन आदळत. प्रत्येक आघाताने ते अधिक झिजत. झिजले, की फट वाढे. फट वाढली, की आघातही वाढे. नवे दात बसवून हे दुखणे काही काळ थांबले असते, पण बरे झाले नसते.

जॉर्जने दातेरी चाकेच काढून टाकण्याचे ठरविले. १८१५ साली त्याने आणि डॉड्झ यांनी नव्या रचनेचे एकस्व घेतले. आता दट्ट्याला जोडलेला दांडा सरळ धावत्या चाकालाच फिरवू लागला. मात्र यातून वेगळीच अडचण उभी राहिली. एक दट्ट्या फेरीच्या टोकाशी असेल, तेव्हा दुसरा मध्यावर असला पाहिजे, नाहीतर इंजिन अडून बसायचे. म्हणजे पुढची आणि मागची चाके एकाच तालात फिरावयास हवीत. आस वाकवून चाकांच्या आतल्या बाजूने ते दांड्याने जोडावेत, असा बेत होता. पण तसे मजबूत आस घडविणे तेव्हाच्या लोहारांना साधेना. म्हणून त्याने दोन्ही आसांवरून एक अखंड साखळी फिरविली. साखळी काही काळाने ताणली जाऊन सैल पडे. म्हणून तीही पुढे गेली आणि चाकांना बाहेरून जोडणारा लोखंडी दांडा आला. २७ सप्टेंबर १८२५ रोजी स्टॉक्टन ते डार्लिंग्टन या लोहमार्गावर धावलेल्या ‘लोकोमोशन’ इंजिनाची चाके अशाच दांड्यांनी जोडलेली होती.

जॉर्जच्या मुलाचीही येथे आठवण करणे उचित होईल. आपल्यासारखे मुलाने निरक्षर राहू नये, म्हणून त्याने रॉबर्टला न्यूकॅसलच्या शाळेत घातले आणि जाण्यायेण्यासाठी एक गाढव घेऊन दिले. रात्री मुलगा शाळेतील पाठ वाची आणि बाप शेजारी बसून शिके. १८१६ साली दोघांनी मिळून दगडाचे एक सूर्यघटिकायंत्र तयार केले आणि ते घराच्या दारावर बसविले. १८२९ साली रेनहिल येथील इंजिनांच्या शर्यतीत पाचशे पौंडांचे बक्षीस जिंकणारे ‘रॉकेट’ न्यूकॅसल येथे रॉबर्टच्याच देखरेखीखाली घडले होते. त्या शर्यतीत इतर इंजिने वाटेतच बिघडली. रॉकेटने मात्र ठरलेल्या सर्व फेऱ्या पुऱ्या केल्या.

१२ ऑगस्ट १८४८ रोजी जॉर्ज स्टीफन्सनचे निधन झाले. पुढे मुंबईहून ठाण्यास लोहमार्ग नेणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने सल्लागार अभियंता म्हणून रॉबर्टची योजना केली. १६ एप्रिल १८५३ रोजी चौदा डबे आणि सुमारे चारशे पाहुणे घेऊन भारतातील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदराहून निघाली आणि ३४ किलोमीटरचे अंतर कापून ठाण्यास पोचली. तिच्या इंजिनांची मोठी चाके एका तालात फिरत होती. कारण त्यांना बाहेरून लोखंडी दांडे जोडलेले होते.