नाथांचे पणजोबा संत भानुदास

आषाढीच्या या महापर्वावर पंढरीच्या वाळवंटात जी अनेक पालख्यांची दाटी होते, तीत पैठणहून येणारी एकनाथमहाराजांची पालखी मानाची आहे. त्या पालखीपुढे मस्तक नमविताना नाथांच्या घराण्यातील ज्या पुरुषाचे स्मरण आम्हांस अगत्याचे वाटते, ते म्हणजे नाथांचे पणजोबा भानुदास. नाथांच्या तेजाने ते काहीसे झाकोळून गेले. तथापि त्या घराण्यात विठ्ठलभक्ती रुजविली ती त्यांनीच.

नामदेवांनी देह ठेवला तो सन १३५० मध्ये. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, सन १४४८ च्या सुमारास, पैठण येथे एका देशस्थ ऋग्वेदी ब्राह्मण कुळात भानुदासांचा जन्म झाला. प्रदेशावर बहामनी सुलतानांचा अंमल होता. वारीचा प्रवाह आटला नव्हता, पण त्याला पुन्हा उधाण आणील असा पुरुष दिसत नव्हता. लहानपणी वडील रागावले म्हणून हा मुलगा घरातून निघाला आणि एका जीर्ण सूर्यमंदिरात जाऊन बसला. सात दिवस तेथे त्याने सूर्याची उपासना केली, अशी कथा आहे. भानूचा दास हे नाव या उपासनेला साजेसेच म्हणावे लागेल.

पुढे संसार अंगावर पडला. मिळकत अशी नव्हती. तेव्हा गावच्या सज्जनांनी भांडवल उभे करून दिले आणि भानुदास कापडाचा व्यापार करू लागले. खरेदी किती, नफा किती, हे गिऱ्हाइकाला ते आधीच सांगून टाकीत. असा व्यापारी बाजारात टिकायचा नाही, असे इतरांना वाटले असणार. घडले उलटेच. गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळले आणि बाकीच्यांच्या पोटात दुखू लागले. एका मुक्कामी भानुदास माल व घोडे सोबत्यांवर सोपवून कीर्तनाला गेले असता, त्या सोबत्यांनी त्यांचे कापड खड्ड्यात टाकले व घोडे सोडून दिले. त्याच रात्री चोर आले. त्यांनी सोबत्यांनाच लुटले आणि खड्ड्यातील कापड तेवढे वाचले. कीर्तनाहून परतताना भानुदासांना आपले घोडे एका अनोळखी माणसाने धरून ठेवलेले आढळले. तो पांडुरंगच, अशी भक्तांची श्रद्धा. आपल्यापायी देवाला शीण झाला या विचाराने भानुदासांनी व्यापार सोडून दिला. मोठ्या चमत्कारांपेक्षा हा कापडाचा प्रसंगच आम्हांस अधिक मोलाचा वाटतो; कारण भक्तीची परीक्षा येथे देवळात नव्हे, दुकानात झाली.

महाराष्ट्र त्यांना ओळखतो तो मात्र विजयनगरच्या प्रसंगामुळे. तेथील राजाने विठ्ठलाची मूर्ती आपल्या राजधानीस नेली आणि पंढरीचा गाभारा रिता झाला. वारकऱ्यांची व्याकुळता पाहून भानुदास एकटेच तुंगभद्रेकाठी गेले. रात्री देवळाची कुलपे गळून पडली. देवाने आपल्या गळ्यातील रत्नहार त्यांच्या गळ्यात घातला. सकाळी चोरीचा बोभाटा होऊन भानुदासांना सुळाची शिक्षा झाली. तो सूळच पालवला, तेव्हा राजाचे डोळे उघडले. देव लहान रूप घेऊन भक्ताबरोबर निघाला आणि पंढरीस येताच पूर्ववत झाला. ही कथा महिपतींनी भक्तविजयात भक्तिभावाने सांगितली आहे.

चिकित्सक विचारील, की हे घडले केव्हा? काही कथाकार राजाचे नाव रामराजा देतात. तो तर भानुदासांच्या मागून झाला. परंपरा कृष्णदेवरायाचे नाव घेते. तो सन १५०९ मध्ये गादीवर आला आणि भानुदास सन १५१३ मध्ये निवर्तले, म्हणजे हे सारे त्या चार-पाच वर्षांत बसवावे लागते. शिवाय हंपीच्या विठ्ठलमंदिरास त्यानंतरही राजघराण्याकडून दाने मिळत राहिली, असे शिलालेखांवरून दिसते. आज त्या अप्रतिम मंदिराचा गाभारा रिकामा आहे, परंतु सन १५६५ नंतर त्या नगराचा जो विध्वंस झाला तोही विसरता येत नाही. मूर्तीच्या प्रवासाचा निवाडा आम्ही करू धजत नाही. आपला देव परत आणणारा माणूस म्हणून लोकांनी एका पैठणकर कापडविक्याला निवडले, एवढे मात्र निश्चित. आणि ज्याच्या सचोटीबद्दल कोणास शंका नव्हती, अशाच माणसाची ही निवड असणार.

भानुदासांचे पुत्र चक्रपाणी, त्यांचे सूर्यनारायण आणि सूर्यनारायणांचे एकनाथ. पणजोबा गेल्यावर सुमारे वीस वर्षांनी नाथ जन्मले. आईबाप लहानपणीच अंतरल्याने त्यांना वाढविले ते आजोबा चक्रपाणींनी. भानुदास नाथांपर्यंत पोचले ते या वृद्धाच्या मुखातून, असे मानण्यास हरकत नसावी. सन १५७३ मध्ये काशीत पूर्ण झालेल्या आपल्या भागवतटीकेच्या आरंभी नाथ कुळाला वंदन करतात, तेव्हा पहिला मान भानुदासांना देतात.

भानुदासांचे काही अभंग आज उपलब्ध आहेत. त्यांची समाधी पंढरपुरास, विठ्ठलमंदिराच्या आवारातच आहे. दर्शनाच्या रेटारेटीत तिकडे लक्ष जाणे कठीण. पण पैठणच्या दिंडीतील वारकरी तेथे क्षणभर थांबतो आणि मग पुढे सरकतो.