जेन अ‍ॅडम्स

विद्यार्थी मित्रांनो, समजा, तुम्ही आईवडिलांबरोबर परक्या देशात राहायला गेलात. तिथली भाषा तुम्हांला येत नाही. ओळखीचे कोणी नाही. अशा वेळी एखाद्या घराचे दार उघडले आणि कोणी प्रेमाने आत बोलावले, तर तुम्हांला केवढा धीर वाटेल! जेन अ‍ॅडम्स यांनी असेच एक दार उघडले.

जेन यांचा जन्म ६ सप्टेंबर १८६० रोजी अमेरिकेतील सीडरव्हिल या गावी झाला. त्या दोन वर्षांच्या असताना त्यांची आई वारली. पाठीच्या दुखण्याने त्यांना फार छळले. तरीही त्या शिकल्या. १८८८ साली त्यांनी लंडनमधील टॉयन्बी हॉल ही संस्था पाहिली. तेथे सुशिक्षित तरुण गरिबांच्या वस्तीत राहून त्यांना मदत करत. आपणही असेच करायचे, असे जेन यांनी ठरवले.

त्या काळी शिकागो शहरात इटली, ग्रीस, रशिया, जर्मनी अशा देशांतून हजारो लोक पोटासाठी येत होते. त्यांच्याच वस्तीत १८८९ साली जेन आणि त्यांची मैत्रीण एलेन स्टार राहायला गेल्या. त्या घराचे नाव हल हाउस. तेथे बालवाडी, पाळणाघर आणि इंग्रजीचे वर्ग सुरू झाले. वस्तीत कचऱ्याचे ढीग साचत. १८९५ साली जेन कचरा निरीक्षक झाल्या. सकाळी लवकर उठून त्या कचरागाड्यांच्या मागोमाग फिरत.

पण जेन यांना आणखी एक गोष्ट दिसली. मुले इंग्रजी लवकर शिकत आणि मग त्यांना आपल्या आईवडिलांची लाज वाटू लागे. एक इटालियन मुलगी आईबरोबर हल हाउसमध्ये येई. आईच्या डोक्याला रुमाल, पायांत ओबडधोबड बूट. म्हणून आई पुढच्या दाराने आत जाई, तर मुलगी बाजूच्या दाराने!

१९०० साली जेन यांनी तेथे एक संग्रहालय सुरू केले. त्यात परदेशांतून आलेले लोक आपापल्या देशांतील हस्तकला करून दाखवत. ती आई टकळीवर सुंदर सूत काढत असे. एके दिवशी पाहुणे तिच्याभोवती जमून तिचे कौतुक करताना मुलीने पाहिले. जेन यांनी तिला आईच्या गावाविषयी समजावून सांगितले. त्यानंतर ती मुलगी आईबरोबर एकाच दाराने येऊ लागली.

१९३१ साली जेन यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. २१ मे १९३५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे ते जुने घर आज संग्रहालय म्हणून जपले आहे.

मित्रांनो, तुमच्या वर्गात परगावाहून नवा विद्यार्थी आला, तर त्याला तुमची भाषा अवश्य शिकवा. त्याच्या भाषेतले चार शब्द तुम्हीही शिका. मग त्याला परके वाटणार नाही.