पाच दाखल्यांचा सिद्धांत

पिएर द फर्मा हे फ्रान्समधील तुलूझच्या न्यायपीठाचे सभासद. गणित हा त्यांचा फावल्या वेळचा व्यासंग. २, ४, १६, २५६ असे वर्गाचे वर्ग घेत प्रत्येकात १ मिळविला, की ३, ५, १७, २५७, ६५,५३७ या अविभाज्य संख्या येतात. ही परंपरा अखंड चालेल, असे त्यांनी १६४० मध्ये प्रतिपादिले. सिद्धता हाती नसल्याचे त्यांनी पत्रांतून मान्य केले. विश्वास मात्र ढळला नाही. १६६५ मध्ये ते निवर्तले. १७३२ मध्ये ऑयलर यांनी पुढचीच संख्या, ४,२९,४९,६७,२९७, ही ६४१ ने निःशेष भागली जाते, हे दाखविले. फर्मांची थोरवी त्याने उणावत नाही. परंतु पाच साक्षी जुळल्याने निवाडा होईल, सिद्धांत नव्हे. मोजक्या वर्षांच्या आकड्यांवरून भविष्य रेखणाऱ्या नियोजनकारांनी ही संख्या विसरू नये.