कैदेतील संपादक : कार्ल फॉन ओसिएत्स्की

वर्तमानपत्र उघडताना एका जर्मन संपादकाचे स्मरण ठेवा. १८८९ साली हॅम्बुर्ग येथे जन्मलेल्या ओसिएत्स्कींच्या साप्ताहिकाने १९२९ मध्ये जर्मनीची चोरटी हवाई शस्त्रसज्जता उघडकीस आणली. त्यापायी त्यांना तुरुंगवास घडला. १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने त्यांना पुन्हा पकडले. एस्टरवेगेनच्या छळछावणीत दलदलीतील सक्तमजुरी व मारहाण यांनी शरीर खंगले, क्षय बळावला. इस्पितळ मिळाले ते १९३६ साली, परदेशांतून ओरड झाल्यावर! त्याच वर्षी १९३५ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले. पण ऑस्लोला जाण्याची परवानगी नाकारली गेली. ४ मे १९३८ रोजी बर्लिनच्या इस्पितळात, पहाऱ्यातच, त्यांनी प्राण सोडला. वाचकहो, कैद्याचा औषधोपचार रोखणे ही न्यायालयाने न सुनावलेली देहदंडाचीच शिक्षा नव्हे काय?