विश्लेषण : छत्रपती संभाजीनगरचा भडकल दरवाजा रस्ता कोणाच्या शहरातून जातो?

छावणीकडून निघायचे, खाम नदीवरचा बारापुल्ला ओलांडायचा आणि मिल कॉर्नरवरून भडकल दरवाजाला यायचे. पुढे टाऊन हॉल, जुना बाजार, सिटी चौक करत शहागंजच्या घड्याळापर्यंत पोहोचायचे. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या भागातली ही रोजची वाट. या वाटेवर चार शतकांचे थर आहेत. त्यातला सर्वांत जुना आणि ठळक थर आहे मलिक अंबरचा. गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या या माणसाने इथे शहर वसवले, ते जाळले गेल्यावर पुन्हा उभे केले आणि त्याला पाणी दिले.

मलिक अंबर मूळचा कुठला?

जन्म १५४८च्या सुमारास, आजच्या इथिओपियात. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती लागला. अरबस्तान, बगदाद असा विकला जात गेला. बगदादच्या मीर कासिमने त्याला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतले. चंगेज खान स्वतःही हबशी आणि एकेकाळचा गुलामच होता. त्यामुळे राज्य कसे चालते, हे अंबरला अगदी जवळून पाहायला मिळाले.

चंगेज खानाच्या मृत्यूनंतर अंबर गुलामीतून मोकळा झाला. विजापूरच्या चाकरीत त्याला मलिक हा किताब मिळाला. १५९५च्या सुमारास तो पुन्हा निजामशाहीत परतला, तेव्हा त्याच्या हाताखाली थोडेच स्वार होते.

सत्ता त्याच्या हाती कशी आली?

१६०० मध्ये चांदबिबीचा शेवट झाला आणि अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला. निजामशाही बुडाली असेच साऱ्यांना वाटले. अंबरने मात्र राजघराण्यातला एक मुलगा शोधून परांड्याला गादीवर बसवला. तोच दुसरा मुर्तझा निजामशहा. आपली मुलगी त्याला देऊन अंबरने नातेही जोडले. नाव निजामशहाचे राहिले, कारभार मात्र अंबरचा झाला.

मोगलांची फौज मोठी, तोफा जड आणि रसद लांबून येणारी. अंबरने समोरासमोरची लढाई टाळली. हलक्या घोडदळाने रसद तोडायची, रात्री छापे घालायचे आणि डोंगरात नाहीसे व्हायचे, ही त्याची रीत. या फौजेचा कणा होते मराठा स्वार. मालोजीराजे भोसले आणि पुढे शहाजीराजे निजामशाहीच्या चाकरीत होते. गनिमी काव्याची परंपरा सांगताना इतिहासकार या काळाकडे बोट दाखवतात ते यामुळेच.

राजधानीसाठी खडकीच का?

परांडा, जुन्नर असा मुक्काम हलवत १६१०च्या सुमारास अंबर खडकीला आला. खडकी म्हणजे तेव्हा एक लहान खेडे. पण दौलताबादचा अभेद्य किल्ला हाकेच्या अंतरावर, उत्तरेला डोंगररांग आणि उत्तर-दक्षिण जाणारे व्यापारी मार्ग जवळ. शत्रू आला तर किल्ल्यात जाता येईल आणि एरवी मोकळ्या जागेत शहर वाढवता येईल, असे हे ठिकाण होते.

भडकल दरवाजा १६१२चा. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून तो उभारला गेला. त्याच्याजवळचा नौखंडा महाल १६१६चा. आज त्या आवारात महिला महाविद्यालय आहे. जामा मशिदीच्या मूळ बांधकामाचे आणि काळी मशिदीचे श्रेयही त्यालाच दिले जाते. मराठा सरदारांनी इथे पुरे वसवले. मालपुरा, खेलपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेलोजी, विठोजी यांच्यावरून आल्याचे सांगितले जाते.

आजचा संपूर्ण रस्ता त्यानेच आखला असे मात्र नाही. शहराला कोट आणि बहुतेक दरवाजे आले ते १६८२ नंतर, औरंगजेबाच्या काळात. मिल कॉर्नर हे नाव कापड गिरणीमुळे पडले. भडकल दरवाजापाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला हा रस्ता माणसांनी फुलून जातो.

शहर जळाले तेव्हा काय झाले?

१६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला अंबरचा पराभव झाला. त्याचे काही सरदार आधीच मोगलांना मिळाले होते. विजयी फौज खडकीत शिरली आणि तिने नवे शहर जाळून उद्ध्वस्त केले. १६२१ मध्ये शहाजहानच्या मोहिमेत खडकी पुन्हा उद्ध्वस्त झाली.

अंबरचे वेगळेपण इथे दिसते. पहिल्या विध्वंसानंतर, १६१७च्या सुमारास, त्याने खडकीला पाणी आणायचे काम हाती घेतले. शत्रू पुन्हा येणार हे ठाऊक असताना त्याने खजिना आणि माणसे या कामाला लावली. महाल जाळता येतो, जमिनीखालची नहर सहज जाळता येत नाही. पुढे शहर पुन्हा उभे राहिले ते या पाण्याच्या भरवशावर.

नहर-ए-अंबरी चालायची कशी?

हर्सूलच्या बाजूला, डोंगरपायथ्याशी आणि खामच्या खोऱ्यात जमिनीत मुरलेले पाणी गोळा करायचे. ते दगड-विटांच्या भुयारी नहरीतून, नुसत्या उतारावर, शहराकडे आणायचे. मोट नाही, रहाट नाही. गाळ काढायला मध्ये मध्ये उतरण्याच्या विहिरी. ठिकठिकाणी उंच मनोरे. त्यात पाणी वर चढून पुन्हा खाली उतरे, त्यामुळे कोंडलेली हवा निघून जाई आणि दाब आटोक्यात राही. तिथून खापरी नळांनी ते हौदांपर्यंत आणि वस्त्यांपर्यंत जाई.

पुढच्या राज्यकर्त्यांनी याच धर्तीवर आणखी नहरी बांधल्या. पाणचक्कीला पाणी पुरवणारी नहर वेगळी आणि नंतरच्या काळातली, हेही लक्षात ठेवायला हवे. दोन्हींची नेहमी गल्लत होते.

भातवडीला पाण्याने काय केले?

१६२४ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या. अहमदनगरजवळ भातवडी इथे अंबरने तलावाचा बांध फोडला. वाटा चिखलाने भरल्या, शत्रूच्या हालचाली अडल्या, रसद तुटली आणि मग हल्ला झाला. या लढाईत शहाजीराजांनी पराक्रम गाजवला आणि त्यांचे बंधू शरीफजी कामी आले. अंबरच्या कारकिर्दीतला हा सर्वांत मोठा विजय. तेव्हा त्याचे वय पंचाहत्तरीच्या आसपास होते.

रणांगणाबाहेर त्याने जमिनीची प्रतवारी आणि पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत घातली. दख्खनच्या महसुली इतिहासात ती आजही अभ्यासली जाते.

मग शहराला त्याचे नाव का नाही?

मे १६२६ मध्ये अंबर वारला. २०२६ मध्ये त्याला ४०० वर्षे होतात. त्याची कबर खुलताबादला आहे. ज्या घराण्याशी तो आयुष्यभर लढला, त्याच घराण्यातल्या औरंगजेबाचीही कबर त्याच गावात आहे. मुलगा फतेह खानाच्या नावाने खडकीचे फतेहनगर झाले. १६३३ मध्ये दौलताबाद पडला, १६३६ मध्ये निजामशाही संपली. औरंगजेब सुभेदार असताना औरंगाबाद हे नाव आले. २०२३ मध्ये ते छत्रपती संभाजीनगर झाले. इतक्या नावांत संस्थापकाचे नाव कुठेच नाही. ते उरले फक्त नहरीला.

आज याचे महत्त्व काय?

आज शहराचे पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. धरण सखल भागात, शहर उंचावर. त्यामुळे ते पंपाने चढवावे लागते, आणि तरीही अनेक वस्त्यांना कित्येक दिवसांच्या खंडाने नळाला पाणी मिळते. जुन्या नहरी आजच्या लोकसंख्येची तहान भागवू शकणार नाहीत, हे खरे. पण बागा, सार्वजनिक वापर आणि टंचाईच्या दिवसांतला आधार म्हणून त्यांचे मोल कमी नाही.

रस्त्याचे रुंदीकरण, इमारतींचे पाये आणि नव्या जलवाहिन्यांची खोदाई यांत भुयारी नहर फुटली तर वरून काहीच दिसत नाही. दरवाजा ढासळला तर निदान सगळ्यांच्या नजरेस पडतो. म्हणून खोदण्याआधी नहरीची वाट नकाशावर नोंदलेली असणे आणि विहिरी-मनोरे राखले जाणे गरजेचे आहे. मलिक अंबरचे सर्वांत टिकाऊ काम जमिनीखाली आहे. ते एकदा तुटले की नव्याने बांधणे जवळजवळ अशक्य आहे.