घाशीराम कोतवाल : अंधाऱ्या कोठडीतली एक रात्र

पुण्यात शनिवारवाड्याजवळ फरासखाना पोलीस चौकी विचारली, तर रिक्षावाला डोळे मिटून नेऊन सोडेल. फरासखाना म्हणजे पेशव्यांचे तंबू, गालिचे, सतरंज्या ठेवायची जागा. शब्द फारसी, जागा पुण्याची. कोतवाल हा शब्दही तसाच. फारसी दफ्तरातून तो मराठीत आला आणि इथलाच होऊन गेला. पुण्याच्या इतिहासातला सगळ्यात नावाजलेला, खरं तर सगळ्यात बदनाम पोलीस अधिकारी याच शब्दाने ओळखला जातो. तो म्हणजे घाशीराम कोतवाल.

शाळेत मुलांना हे नाव सांगितलं की ती लगेच नाटकाचं बोलतात. विजय तेंडुलकरांचं नाटक 1972 साली रंगमंचावर आलं आणि घाशीराम घराघरांत पोहोचला. पण नाटक हे नाटक असतं. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी, 1863 साली, मोरोबा कान्होबा यांनी घाशीरामावर मराठीत पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे लोक या माणसाला विसरायला कधी तयारच नव्हते. त्याचं कारण समजून घ्यायचं तर आधी त्याचं काम काय होतं ते पाहायला हवं.

घाशीराम सावळदास हा उत्तरेकडचा कनोजी ब्राह्मण. नशीब काढायला पुण्यात आला. नाना फडणवीसांचा विश्वास त्याने मिळवला आणि 1777 साली त्याला पुण्याची कोतवाली मिळाली. ती त्याच्याकडे शेवटपर्यंत, म्हणजे चौदा वर्षं राहिली.

त्या काळच्या कोतवालाचं काम आजच्या एका अधिकाऱ्याचं नव्हतं. पेठांमधली भांडणं तोडायची, बाजारभावावर लक्ष ठेवायचं, रस्ते आणि घरांच्या हद्दीचे वाद मिटवायचे, शहरात कोण आलं, कोण गेलं याची नोंद ठेवायची. चोर पकडायचा तो कोतवालाने, चौकशी करायची ती कोतवालाने, कैदेत टाकायचं आणि दंड वसूल करायचा तोही त्यानेच. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर सापडलेल्या माणसाला सकाळपर्यंत चौकीत बसवून ठेवत. शहर वाढत होतं, बाहेरगावचे लोक येत होते, तेव्हा असा बंदोबस्त लागतच होता. घाशीरामाच्या हाताखाली तो कडक झाला, आणि त्याबरोबर लोकांच्या मनातली भीतीही वाढली. तक्रार करायची तर कोणाकडे? कोतवालाच्या डोक्यावर खुद्द नानांचा हात होता.

मग 1791 चा ऑगस्ट महिना उजाडला. श्रावणातल्या दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण पुण्याला येत. त्यातच तेलंगणाकडून आलेली एक मंडळी होती. परतताना ती शहराच्या पूर्वेला घाशीरामाच्या बागेपाशी उतरली. भूक लागली म्हणून त्यांनी बागेतली फळं तोडली, असं सांगतात. रखवालदारांशी बाचाबाची झाली. कोतवालाकडे निरोप गेला तो एवढाच, की चोर आलेत. कोतवालाची माणसं आली, त्यांनी सगळ्यांना मारत नेलं आणि एका कोंदट कोठडीत कोंबून बाहेरून कुलूप लावलं.

हे लोक कोण आहेत, कुठून आलेत, कशासाठी आलेत, हे कोणी विचारलं नाही. एवढी माणसं एवढ्याशा जागेत श्वास कसा घेतील, याचाही विचार कोणी केला नाही. सकाळपर्यंत वीसहून जास्त माणसं गुदमरून मेली.

मानाजी फाकडे या सरदाराला हे कळलं. त्याने कुलूप तोडून उरलेल्यांना बाहेर काढलं आणि बातमी पेशव्यांपर्यंत नेली. गादीवर तरुण सवाई माधवराव होते. घाशीरामाने आधी नानांच्या कानावर एवढंच घातलं होतं, की चोर होते, ते मेले. पण शहरात मृतांची बातमी पसरली होती. तेलंगी ब्राह्मणांचा जमाव न्याय मागत उभा राहिला आणि हटायला तयार होईना. चौदा वर्षं पाठीशी असलेल्या नानांना शेवटी हात काढून घ्यावा लागला.

घाशीरामाची हत्तीवरून धिंड काढण्यात आली आणि नंतर त्याला जमावाच्या ताब्यात देण्यात आलं. 31 ऑगस्ट 1791 रोजी लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं. ही जागा गारपिराच्या बाजूची असल्याचं सांगतात. गारपिराचा दर्गा पुण्यातल्या आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

इथे मुलं वर्गात टाळ्या वाजवतात. जुलमी माणसाला शिक्षा झाली ना! मी त्यांना थांबवतो. ज्या कोतवालाने चौकशी न करता माणसं कोंडली, त्याला मारतानाही चौकशी पुरी झाली नाही. कुलूप कोणी लावलं, हुकूम कोणी दिला, कोतवालाला एवढी मोकळीक कोणी दिली, हे प्रश्न त्या दगडांखाली गाडले गेले. सूड घेतला गेला, पण इन्साफ झाला असं म्हणता येत नाही.

तपास करणाऱ्याचं खरं काम इथूनच समजतं. माणूस पकडणं हा त्यातला लहानसा भाग. पकडलेला माणूस कोण आहे हे तपासणं, त्याच्या बाजूचंही ऐकणं, आणि तो आपल्या ताब्यात आहे तोवर त्याच्या जिवाची जबाबदारी घेणं, हे मोठं काम. ताब्यातला माणूस ही अमानत असते, मग तो चोर असो वा साव.

आज एकाच माणसाच्या हातात सगळं नाही, ते याच अनुभवांमुळे. अटक केलेल्याला 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं, हे राज्यघटनेच्या कलम 22 मध्ये लिहिलेलं आहे. अटकेची खबर घरच्यांना द्यायची आणि कोठडीतल्या माणसाची दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी करायची, हे 1996 साली सुप्रीम कोर्टाने डी. के. बसू खटल्यात बजावलं. कोठडीत मृत्यू झाला तर चौकशी मॅजिस्ट्रेट करतो आणि आपल्या राज्यात तपास सीआयडीकडे जातो. त्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यातच, पाषाण रस्त्यावर आहे.

आपल्या मुलांना हे हक्क माहीत असू द्या. आणि उद्या त्यांच्यातलं कोणी खाकी घालून खुर्चीत बसलं, तर कुलूप लावण्याआधी आत कोण आहे हे विचारायची सवय त्याला आजपासून लावा. त्या रात्री कोणी एवढं विचारलं असतं, तर ती वीस-बावीस माणसं आपापल्या घरी पोहोचली असती. घाशीरामही कदाचित आपल्या मौतीने मेला असता.